अनुभवी गिर्यारोहकाने पुन्हा काय शिकावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि नाट्य या विषयांवर जाणकारांची भाषणे झाल्यावर सरकारी फायलींत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास उभे करण्यात आले, याचे कारण एवढेच की तरुणपणी अर्जित रजा खर्ची घालून आम्ही उत्तरकाशीला गिर्यारोहणाचे प्राथमिक आणि प्रगत असे दोन्ही अभ्यासक्रम पुरे केले होते. दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुलेमुली पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन आपल्या मंडळाच्या खोल्यांत एक रात्र मुक्कामाला उतरतात व पहाटे डोंगराची वाट धरतात. त्यांतील काही चेहरे दुसऱ्यांदा दिसले की आपल्यापैकी अनेक भगिनी विचारतात, ‘‘ही तर मागे शिकून गेली होती ना? मग पुन्हा कशाला आली?’’ या प्रश्नाचे यथामती उत्तर देणे हाच आमच्या भाषणाचा हेतू आहे.

पुन्हा शिकण्याची ही परंपरा आपल्या देशात फार मोठ्या माणसापासून सुरू झाली आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे यांनी एडमंड हिलरी यांच्यासमवेत एव्हरेस्टवर पाऊल ठेवले. जगातील सर्वोच्च शिखर ज्याने जिंकले, त्याला आणखी कोण काय शिकविणार, असे कोणासही वाटावे. परंतु दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था काढण्याचे ठरले, तेव्हा तेनसिंग १९५४ साली काही शेर्पा सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडला गेले आणि आर्नोल्ड ग्लाटहार्ड या वाटाड्याच्या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. चढता येणे निराळे आणि दुसऱ्यास सुखरूप चढविता-उतरविता येणे निराळे, हा भेद त्या मनस्वी पुरुषाने ओळखला होता. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालची.

या संस्थांतील प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्यात खडकावर आणि बर्फावर पाय कसा ठेवावा, आइस-अ‍ॅक्स कशी धरावी, बुटांना क्रॅम्पॉनचे काटे बांधून कसे चालावे, घसरल्यास स्वतःला कसे थोपवावे, हे शिकवितात. त्यात ज्याला ‘अ’ श्रेणी मिळते, त्यालाच प्रगत अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. पहिल्या खेपेस विद्यार्थी प्रशिक्षकाच्या पावलावर पाऊल टाकून चालतो. दुसऱ्या खेपेस त्याला दोराच्या पुढल्या टोकास उभे करतात आणि सांगतात, ‘‘आता वाट तू शोध.’’ प्रगत शिक्षणाचे सारे मर्म या एका बदलात आहे, असे आम्हांस वाटते.

या बदलाची गरज गिर्यारोहणाच्या बदलत्या पद्धतीतूनही वाढली. १९५३ च्या मोहिमेत साडेतीनशेहून अधिक हमाल होते. एकामागून एक तळ उभारावयाचे, दोर बांधून ठेवावयाचे आणि किल्ल्याला वेढा घालावा तसे शिखर घेरावयाचे, अशी ती रीत होती. उलटपक्षी आल्प्सच्या डोंगरांत दोघा-चौघांनी हलके सामान घेऊन एका दमात वर जावे व परतावे, अशी वहिवाट होती. १९७५ साली राइनहोल्ड मेस्नर आणि पीटर हाबेलर या दोघांनीच ८,००० मीटरहून उंच असे गाशेरब्रुम-१ शिखर याच आल्प्स पद्धतीने सर केले. मोठ्या मोहिमेत एकाचे उणे दुसरा भरून काढतो. जेथे दोघेच आहेत, तेथे प्रत्येकाला आधार बांधता आला पाहिजे, आजार ओळखता आला पाहिजे आणि सोबत्यास दरीतून वर ओढून काढता आले पाहिजे.

यातील एक-दोन गोष्टी उदाहरणादाखल सांगतो. बर्फात दोन ठिकाणी खुंट रोवून त्यांच्यापासून दोर एकत्र आणला, तर भार दोहोंत निम्मा-निम्मा वाटला जाईल, अशी आपली समजूत असते. परंतु दोराच्या दोन फाट्यांमधील कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येक खुंटावर पुरा भार येतो. कोन ६० अंशांच्या आत ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. हिमनदीवर चालताना वरून अखंड दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात. एकजण भेगेत पडला, तर दुसऱ्याने स्वतःस रोवून त्याला पेलावयाचे, तो भार बर्फातील आधारावर सोपवावयाचा आणि कप्प्यांतून दोर फिरवून ओढावयाचे. तिहेरी रचनेत, हिशेबापुरते तरी, एक तृतीयांश बळ पुरते. हे सारे थंडीने बोटे बधिर झालेली असताना, हातमोजे चढवून, करावयाचे असते. त्यासाठी तीच गाठ शंभर वेळा मारवून घेतात.

तथापि सर्वांत कठीण पाठ बर्फ वाचण्याचा आहे. जुन्या बर्फाच्या ठिसूळ थरावर ताजा बर्फ साचला आणि वाऱ्याने तो घट्ट दाबला गेला, की एखाद्या माणसाच्या भारानेही तो आख्खा थर फरशीसारखा निसटतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा धोका विशेष. आणि चढावयास सोयीचे उतार नेमके तेच असतात. खड्डा खणून थर तपासणे, सोबत्यांत अंतर ठेवणे, अंगावरील बिनतारी यंत्राच्या साह्याने गाडल्या गेलेल्यास शोधणे, हे सारे शिकवितात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसे बहुधा वाचतात, त्यानंतर आशा झपाट्याने ओसरते. म्हणजे मदतीला गावाहून कोणी येईपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो. शेजारचा सोबती हाच काय तो तारणहार.

येथे एका दुःखद घटनेचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का डांडा’ या शिखराच्या वाटेवर हिमस्खलन झाले आणि प्रगत अभ्यासक्रमाचे २७ विद्यार्थी व २ प्रशिक्षक मिळून २९ जणांचा अंत झाला. त्या प्रशिक्षकांत सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. अनुभव हे अभेद्य कवच नव्हे, हे याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

त्या अपघातानंतरच्या वर्षी आमच्या भाचीने प्रगत अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. पुण्याहून आमच्या ताईंचा दूरध्वनी आला. ‘‘तू तिकडे राहतोस, तू हे सारे केलेले आहेस. मी हिला पाठवू की नको, एवढे एका शब्दात सांग.’’ एका शब्दात सांगणे आम्हांस शक्य झाले नाही. धोका नाही असे म्हणणे खोटे ठरले असते. आम्ही म्हणालो, ‘‘ताई, ती डोंगर सोडणार असेल तर प्रश्नच मिटला. पण ती डोंगरांत जाणारच असेल, तर अर्धवट विद्येने जाण्यापेक्षा पुरे शिकून गेलेली बरी. आणि परत आल्यावर शिखर झाले का, हे विचारू नकोस. कोठून मागे फिरलात आणि का, ते विचार.’’

भाची गेली. ताज्या बर्फामुळे त्यांची तुकडी वरच्या मुक्कामाहून परतली. घरी आल्यावर ताईंनी विचारले आणि मुलीने तासभर बर्फाच्या थरांविषयी सांगितले. पुढे ताई आम्हांस म्हणाल्या, ‘‘मला त्यातले निम्मेही कळले नाही, पण हिला कळते आहे, एवढे मात्र कळले.’’

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या मुलांना हे शिक्षण विशेष अगत्याचे आहे. कोकणकड्यासारखे कडे चढून त्यांचे हात तयार होतात. पण हिमनदी त्यांच्या घरी नाही, तेव्हा बर्फाची बाराखडी येथे येऊनच गिरवावी लागते. ती गिरवून पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या दहा गिर्यारोहकांनी मे २०१९ मध्ये कांचनजंगा गाठले, याचा आपणा सर्वांस सार्थ अभिमान आहे.

बंधुभगिनींनो, ही मुले पुन्हा आपल्या दारी येतील, तेव्हा त्यांना गरम जेवण वाढावे आणि पहाटेच्या गाडीसाठी वेळेवर उठवावे. परतताना शिखर न चढता आलेल्यांचेही तितक्याच अगत्याने स्वागत करावे. मागे फिरण्याचा निर्णय ज्याने वेळेवर घेतला, त्याचे शिक्षण कामी आले, असे आपण मानू या.