बुडत्या बँकेचा भार कोणी वाहावा?



बँक बुडाली म्हणजे तोटा नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी माथी बसतोच. कोणाच्या, एवढाच प्रश्न आहे.

१९६० साली केरळातील पालाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला. तेव्हाची मर्यादा १,५०० रुपये; २०२० साली ती ५ लाख झाली. हप्ता बँकाच भरतात. पण ५ लाखांवरच्या ठेवींचे काय? २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारास आरंभी १,००० रुपयेच काढता येत. २०२२ साली तिचे विलीनीकरण झाले. तरी मोठ्या ठेवींची फेड दहा वर्षांपर्यंत लांबली. म्हाताऱ्या पेन्शनराने तोवर कशावर दिवस काढावेत?

सरकारने भरून द्यावे, असे म्हणणे सोपे आहे. पण सरकारी तिजोरीत काडेपेटी विकत घेणाऱ्या मजुराचाही कर असतो, आणि त्याची ठेव कुठेच नसते. म्हणून आम्हांस वाटते, पहिला भार नफा घेणाऱ्या भागधारकांनी व नियम डावलून कर्जे देणाऱ्या संचालकांनी उचलावा. नंतर इतर बँकांनी, कारण लोकांच्या विश्वासावर त्याही जगतात. तिजोरी अगदी शेवटी. ज्याला हिशेबाची वही कधी दाखविली नाही, त्या ठेवीदारास त्या पापाचा धनी करणे न्यायाचे नव्हे.