धुरा जपा, मित्रकीटक जपा
(सावनेर येथे संत्रा व कापूस उत्पादकांपुढे दिलेल्या भाषणावरून)



संत्र्याच्या पानांवर काजळी धरली की आपण म्हणतो, बागेवर कोळशी आली. कोळशी ही बुरशी आहे. काळ्या माशीची पिल्ले पानाच्या मागे बसून रस शोषतात व चिकट गोड द्रव टाकतात, त्यावर ती वाढते. पाने काळी पडली की झाडाला अन्न तयार करता येत नाही, बहार कमी येतो आणि काळ्या फळाला भाव मिळत नाही. मग आपण घाईने मिळेल ते औषध फवारतो. त्यात माशीला खाणारे किडेही मरतात. पुढच्या पिढीला अडवायला कोणी उरत नाही.

हे मित्र नीट ओळखावेत. लाल पाठीवर सात काळे ठिपके असलेला ढालकिडा युरोपच्या शेतातही आहे आणि आपल्या गव्हावरचा मावाही तोच खातो. त्याची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसते. शत्रू समजून तिला मारू नका. क्रायसोपा हा हिरवा, जाळीदार पंखांचा किडा केसासारख्या देठावर अंडी घालतो. त्याच कुळातील मल्लाडाची अळी काळ्या माशीची पिल्ले खाते.

तिसरा मित्र कोळी. येथे नावाचा घोटाळा होतो. पानाचा रस शोषणारा बारीक लाल कोळी ही कीड आहे. मात्र जाळे विणणारा किंवा जमिनीवर धावून शिकार करणारा कोळी फक्त किडे खातो, पिकाला शिवत नाही. धावणाऱ्या लांडगा कोळ्याची मादी तर पिल्ले पाठीवर घेऊन हिंडते.

या सर्वांना आसरा लागतो. युरोपात जमिनीवर शिकार करणारे भुंगेरे व कोळी थंडीत गवताच्या बुंध्याशी दडून राहतात. म्हणून इंग्लंडमध्ये गव्हाच्या मोठ्या शेतांच्या मधोमध मुद्दाम गवताचे उंच बांध घालण्यात आले. आपल्याकडे असा बांध आयताच आहे, तो म्हणजे धुरा. आणि उन्हाळ्यात आपण तोच पेटवून देतो!

तेव्हा एवढे करावे :

१) धुरा जाळू नये. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे, बाकीचे गवत राहू द्यावे.

२) मार्च-एप्रिल, जुलै-ऑगस्ट व डिसेंबर-जानेवारीत नवतीच्या पानांची मागची बाजू पाहावी. काळी माशी तेथे चक्राकार अंडी घालते.

३) निम्मी अंडी उबली की १० लिटर पाण्यात १०० मि.ली. निंबोळी तेल व १० ग्रॅम धुण्याची पावडर मिसळून, पानांच्या मागे पोहोचेल अशी फवारणी करावी.

४) मित्रकीटक भरपूर दिसत असतील तर विषारी औषधाची घाई करू नये.

उद्या सकाळी पंप उचलण्यापूर्वी दहा झाडांची पाने उलटून पाहा. तुमचे काम कोणी आधीच सुरू केले असेल, तर त्याला ते करू द्या.