पत्र्याच्या शेडला भिंती घालण्यापूर्वी



आगोट जवळ आली की आपल्या कोकणपट्टीत घरोघरी एकच लगबग सुरू होते. सरपण आत घ्यायचे, कौले चाळायची, आणि झड आत येऊ नये म्हणून पडवीला नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. पडवी गेली, अंगणात मोटार आली आणि मोटारीवर चार खांबांची पत्र्याची शेड आली. झड मात्र तीच राहिली! मग घरधनी म्हणतो, “बाजूंनाही पत्रे मारून टाकू.” खेड्यात ट्रॅक्टरची शेड असो की शाळेतली सायकलींची, विचार हाच. आज त्याविषयीच आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

बेलापूरच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असेच केले. तीन बाजू पत्र्याने बंद, दक्षिणेचे तोंड मोटारीसाठी उघडे. दोन पावसाळे सुखात गेले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून समुद्रातून वर सरकले. दुपारी दक्षिणेचा वारा त्या तोंडातून आत शिरला. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. छत पाइपांसकट उचलले गेले आणि शेजारच्या अंगणात जाऊन पडले. नशीब, तिथे त्या वेळी कोणी नव्हते. गंमत अशी, की त्याच गल्लीतली चारी बाजूंनी उघडी शेड जागच्या जागी उभी होती.

असे का झाले? भर पावसात छत्री वाऱ्याकडे उलटी धरून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. उघड्या शेडमधून वारा आरपार जातो. तीन बाजू बंद केल्या की तीच शेड छत्रीसारखी वारा पोटात घेते. वरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो आणि आत कोंडलेला वारा खालून ढकलतो. दोघांचे बळ एक होते.

आता थोडे गणित. घरे बांधताना इंजिनीअर मंडळी मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतात. अशा वाऱ्याचा रेटा दर चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलो भरतो. दहा फूट लांब आणि सात फूट उंच अशी एक बाजू घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे तिचे वजन पंचवीस किलोच्या आसपास, पण तिच्यावरचा रेटा साडेसातशे किलोंचा! जागा, उंची आणि आडोसा पाहून हा आकडा कमीजास्त होतो. परंतु एवढे ध्यानात ठेवावे की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. ज्या खांबांनी आजवर फक्त छताचे ओझे पेलले, त्यांना हा आडवा धक्का नवा असतो.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात करून दाखवावे. बुटांचे रिकामे खोके घ्या, एक बाजू कापा, झाकण नुसते वर ठेवा आणि उघड्या बाजूने पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. झाकण उचलेल. मग समोरची बाजूही कापा आणि पुन्हा वारा घाला. झाकण आता तितके उचलत नाही. मुले हा धडा विसरणार नाहीत.

मग शेड बंद करूच नये काय? करावी, पण विचाराने. आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. तेव्हा पश्चिम आणि दक्षिण या दोन बाजू झाकल्या तरी पुष्कळ झड अडते. त्यांतही खाली वीतभर आणि छताखाली हातभर फट ठेवावी. खालचे तीन-चार फूट पत्रा आणि वर हिरवी जाळी, हेही चांगले. वादळात मात्र वारा दिशा बदलतो; म्हणून खांबांचे पाय काँक्रीटमध्ये पक्के हवेत आणि प्रत्येक बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका अँगल हवा. तिरक्या आधारावाचून चौकट कलते. खाडीच्या खाऱ्या हवेत गंज आधी पत्र्याच्या कापलेल्या कडेला आणि वेल्डिंगच्या सांध्याला धरतो. तिथे दर आगोटीपूर्वी रंगाचा हात फिरवावा, सैल झालेले स्क्रू आवळावेत.

फटीचे आणखी एक कारण आहे, आणि ते जिवाशी गाठ घालणारे आहे. बंद जागेत मोटार किंवा जनरेटर चालू ठेवला तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. म्हणून वारा खेळता हवा.

आणि कायद्याचेही पाहावे. २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची जागा अशी आहे. म्हणजे तीन बाजू बंद केल्या की उघडी शेड ही नुसती शेड राहत नाही. तेव्हा पत्रे विकत आणण्याआधी सोसायटीला आणि महापालिकेच्या किंवा सिडकोच्या नगररचना विभागाला विचारावे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर तिथे विचारावे.

शेवटी पुन्हा त्या झापाकडे येतो. आपल्या आजीआजोबांनी झाप हलका ठेवला, सुंभाने बांधला, आणि पावसाळा सरला की सोडून ठेवला. मोठा वारा आला तर झाप फाटे, पण घराचा खांब उभा राही. आपण पत्रा लावू, जरूर लावू. पण वाऱ्याला वाट ठेवण्याचे ते शहाणपण सोडू नये.