ताळा केला नव्हतास? कमांड लाइन, दुधाचा फरक आणि यादीतून गळलेली नावं

आजचा भाग टेक्स्ट फाइल आणि कमांड लाइनवर आहे. ग्रेप, सॉर्ट, ऑक, जॉइन, ही सगळी जुनी मंडळी. कोड नुसता ऐकून डोक्यात शिरत नाही हे मला माहीत आहे, म्हणून कमांडी वाचून दाखवणार नाही. काय केलं, का केलं आणि कुठे आपटलो तेवढं सांगतो. आपटलो मी, पण पैसे दुसऱ्यांचे होते, म्हणून हा भाग करायला इतके दिवस लावले.

आमच्या गावात दूध संस्था आहे आणि माझे काका तिचे सचिव. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल होतं आणि दिवाळीच्या तोंडावर फरक वाटतात. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो: आदल्या आर्थिक वर्षात तुम्ही जितके लिटर दूध घातलं, त्यावर लिटरमागे ठरावीक रक्कम एकदम मिळते, तो फरक. दिवाळीचा बाजार, पेंडीची उधारी, पोरांचे कपडे, सगळं त्या पैशावर ठरलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी गोची अशी झाली की, ज्या वर्षाचा फरक काढायचा होता त्याच वर्षी मधेच, १ ऑक्टोबरला, संस्थेचं सॉफ्टवेअर बदललं होतं. नव्यात सगळ्या सभासदांचे कोड नव्याने पडले. जुना १४ नंबर नव्यात कितवा, याचा तक्ता कुणी ठेवलाच नव्हता. जुन्या सॉफ्टवेअरमधून एक्सएलएस फाइली निघाल्या, त्याही तुकड्यांत, कारण त्या जुन्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ च्या वर ओळी बसत नाहीत. सकाळ-संध्याकाळ दूध, सव्वातीनशेच्या वर सभासद, सहा महिने. लाखाच्या वर ओळी. काका आठ रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसायच्या तयारीत होते. मी बी.टेक., पुण्यात नोकरी, दिवसभर लॉग फाइली चाळणारा माणूस. म्हटलं, ‘काका, द्या इकडे, दोन तासांचं काम आहे.’

आणि खरंच दोन तासांचंच होतं. पाइप ही काय चीज आहे ते इथे सांगायला हवं. एका कमांडीतून बाहेर पडलेलं टेक्स्ट थेट दुसरीत ओतायचं, मधे फाइल करायची नाही. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना लावून धरली आणि १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये बसवली. त्यातली प्रत्येक कमांड एकच काम करते. सॉर्ट ओळी लावून देते. युनिक लागोपाठच्या सारख्या ओळींची एक करते. लागोपाठच्याच हं, म्हणून तिच्या आधी सॉर्ट लागतं. हे न कळल्यामुळे कॉलेजात माझी एक असाइनमेंट गेली होती. ऑक रकान्यांवर हिशेब करते.

तर सगळ्या फाइली साध्या टेक्स्टमध्ये काढल्या, रकाने टॅबने वेगळे केले. पहिला अडथळा आकड्यांचा. जुन्या फाइलीत लिटर देवनागरी आकड्यांत, नव्या फाइलीत इंग्रजी आकड्यांत. देवनागरी आकडे ऑकला संख्या वाटत नाहीत, ती सरळ शून्य धरते. मी आकडे बदलायला टीआर वापरायला गेलो आणि सगळा कचरा झाला. लिनक्सवरची नेहमीची टीआर एकेका बाइटवर चालते आणि यूटीएफ-८ मध्ये आपलं एकेक अक्षर तीन बाइटचं असतं. सेडची वाय कमांड मात्र अक्षरं ओळखते, तिने झालं. तुमचं लोकेल यूटीएफ-८ असलं पाहिजे एवढंच.

दुसरा अडथळा माझ्या हाताचा. यादी सॉर्ट केली आणि निकाल त्याच फाइलीत पाठवला. करू नका. शेल आधी ती फाइल लिहिण्यासाठी उघडतो, म्हणजे कोरी करतो, आणि मग सॉर्टला वाचायला देतो. सॉर्टने इमानाने शून्य ओळी लावून दिल्या. त्यासाठी डॅश ओ हा पर्याय आहे. मूळ प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचलो.

मग दोन्ही सहामाहींत ऑकने नावानुसार लिटर बेरजेला लावले. एका नावाचे दोन सभासद असतील तर त्यांची बेरीज एकत्र होईल, ही भीती होती. पण काकांनी वर्षानुवर्षं नावापुढेच ‘थोरले’, ‘धाकटे’ लिहून ठेवलेलं. डेटाबेसच्या पुस्तकात प्रायमरी कीवर एवढं लिहितात, काकांनी ते एका शब्दात उरकलं होतं. दोन याद्या झाल्या, दोन्ही सॉर्ट केल्या, आणि नावावर जॉइन केलं. दोन्हींकडचे लिटर मिळवले, दीड रुपयाने गुणले, छापायला दिलं. स्क्रिप्ट चालायला दोन सेकंदही लागले नाहीत. काकांनी कौतुकाने सगळ्या संचालकांना दाखवलं. यादी संस्थेच्या भिंतीवर लागली.

वाटपाच्या पहिल्या दिवशी दुपारी काकांचा फोन. ‘अरे, तुझ्या कॉम्प्युटरात म्हातारीच नाही की रं.’

आमच्या आळीतल्या एक काकू. एक म्हैस, एक गाय, दोन्ही वेळा स्वतः किटली घेऊन येणार. रांगेत तासभर उभ्या राहिल्या आणि खिडकीवरच्या पोराने सांगितलं, संगणकात नाव नाही. त्या घरी गेल्या आणि वर्षभराच्या दुधाच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून परत आल्या. काकांना म्हणाल्या, ‘दूध घालताना नाव हुतं की माझं.’ काकांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. पुढे मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये काय बोलणं झालं ते आठवत नाही. त्यांचे १,९०० लिटर होते, म्हणजे २,८५० रुपये.

काकांनी पुढे विचारलं, ‘ताळा केला नव्हतास?’

नव्हता. वर्षभरात संस्थेने एकूण किती लिटर दूध घेतलं हा आकडा ताळेबंदात छापलेला होता. माझ्या यादीची बेरीज मी त्याच्याशी एकदाही लावून पाहिली नव्हती. काकांनी हाताने केलं असतं तर पहिल्या रात्रीच ताळा केला असता. पण कागद छापील होता, रकाने सरळ होते, पुतण्या इंजिनिअर होता.

रात्री बसून मोजलं. डब्ल्यूसी डॅश एल, म्हणजे ओळी मोजणं. कमांड लाइन शिकताना आपण पहिल्या दिवशी शिकतो ती कमांड. जुन्या यादीत ३४१ नावं. नव्या यादीत ३३८. जॉइन झाल्यावर ३२२. जॉइन फक्त जुळलेल्या ओळी देते. जुळलं नाही ते गपचूप सोडून देते, एरर नाही, वॉर्निंग नाही. संस्थेत दूध ओतताना कॅनच्या तोंडाला फडकं बांधतात, आणि काय अडकलं ते त्या फडक्यावर दिसतं. पाइपमध्ये ते फडकं आपल्याला मागून घ्यावं लागतं. जॉइनला डॅश व्ही एक सांगितलं की पहिल्या यादीतल्या न जुळलेल्या ओळी देते, डॅश व्ही दोन सांगितलं की दुसरीतल्या. पहिलीत १९ निघाल्या, दुसरीत १६.

काकूंचं आडनाव दोन्हींकडे होतं. अक्षर न अक्षर तेच. मी त्यांचं आडनाव इथे घेत नाही, त्याच वळणाचं ‘वऱ्हाडे’ घेऊ. दोन्ही फाइलींतला तो शब्द वेगळा काढला आणि अक्षरं मोजली. नव्यात ७, जुन्यात ८. बाइट मोजले, २१ आणि २४. डोळ्यांना एकच दिसणारे दोन शब्द, आणि एकात एक अक्षर जास्त!

भानगड आपल्या त्या अर्ध्या र ची आहे, वऱ्हाडातला, कुऱ्हाडीतला, पऱ्यातला. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की येतं ते. त्याला हलन्त द्यायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अक्षर, ज्याला रुंदीच नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जॉइन मात्र बाइट बघते. युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण प्रमाणाच्या दृष्टीने ते समान धरलेलेच नाहीत. जुन्या ऑपरेटरने एक पद्धत वापरली होती, नव्याने दुसरी. दोघांचंही काही चुकलेलं नव्हतं.

मी घाईत आधी काय केलं, तर सेडने तो जॉइनर सगळीकडून उडवून टाकला. झालं, अर्ध्या र चा रफार झाला आणि वऱ्हाडेंचे ‘वर्हाडे’ झाले. र, हलन्त, जॉइनर ही तिन्ही एकत्र शोधून त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचं, हे बरोबर. त्याने ११ नावं जुळली. चारांत कुठे दोन स्पेस, कुठे नावाच्या शेवटी स्पेस; तीही सेडने साफ केली. एक पांडुरंग दुसऱ्या यादीत पांडूरंग झाला होता, तो हाताने केला. ११, ४ आणि १, सोळा झाले. नव्या यादीत जुळायचं कुणी उरलं नाही.

जुन्या यादीत मात्र तिघं उरलेच. इथे मला वाटलं, अजून कुठलं तरी न दिसणारं अक्षर असेल. तासभर बाइट बघत बसलो. शेवटी रात्री साडेदहाला काकांना नावं वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘दोघांनी म्हशी विकल्या, आणि तिसरे श्रावणात गेले.’ ऑक्टोबरनंतर त्यांच्याकडून दूध येणारच कुठून? त्यांच्या नावात काहीच चूक नव्हती. चूक माझ्या जॉइनमध्ये होती: वर्षभर दूध घातलं असेल तरच फरक, असा नियम मी न कळत लिहून बसलो होतो. संस्थेचा असा नियम नव्हता. एप्रिल ते सप्टेंबरच्या दुधाचा फरक त्यांना, किंवा त्यांच्या घरच्यांना, मिळायलाच हवा होता. डॅश ए एक आणि डॅश ए दोन दिलं की जॉइन न जुळलेल्या ओळीही ठेवते. सोळा जणांची नावं मी कधी ना कधी शोधलीच असती. या तिघांसाठी भिंतीवरची यादी बघायला कुणी येईल की नाही, देव जाणे.

नव्या यादीची बेरीज ताळेबंदातल्या लिटरशी जुळली तेव्हा पहाट झाली होती. सकाळी काकांनी पुरवणी यादी लावली. काकूंचे पैसे ते स्वतः घरी देऊन आले.

या सगळ्यात मला १९८६ ची एक गोष्ट सारखी आठवत होती. जॉन बेंटली यांच्या सदरासाठी डोनाल्ड कनुथ यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता, मजकुरात सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द मोजण्याचा, कित्येक पानांचा. त्याची समीक्षा करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा कमांडींच्या पाइपने करून दाखवलं. आमच्या धंद्यात हा किस्सा आरतीसारखा म्हणतात. मीही म्हणायचो. त्या पाइपची पहिली पायरी अशी आहे: इंग्रजी ए ते झेड सोडून जे काही असेल त्याची नवी ओळ करा. इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेली, त्या कामाला अगदी योग्य. पण निव्वळ मराठीत असलेली फाइल तिच्यात घाला. सगळी अक्षरं गळतात आणि उत्तर येतं ‘१’, पुढे कोरी जागा. एवढ्या मजकुरात एक शब्द, तोही रिकामा. एरर नाही.

ती स्क्रिप्ट अजून आहे, आता काकांच्या मशीनवरच. आत गेलेली नावं, बाहेर आलेली नावं, न जुळलेली नावं आणि एकूण लिटर, एवढं ती यादीच्या आधी छापते. काकांनी लिटरचा आकडा टाइप केल्याशिवाय पुढे जात नाही, आणि तो जुळला नाही तर थांबते. गेल्या दिवाळीला ती थांबली. काकांनी फोन केला, मी लॅपटॉप उघडेपर्यंत म्हणाले, ‘राहू दे, सापडलं. ताळेबंदातच चार लिटर चुकलेत.’ आणि फोन ठेवला.