विद्यापीठाला कुंपण कशासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

विद्यापीठाची जागा कोठे असावी, हा प्रश्न सामान्यतः नगररचनाकारांचा मानला जातो. फीवाढ, आरक्षण, प्राध्यापकांची भरती यांवर आपण मोर्चे काढतो, ठराव करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु विद्यापीठाची इमारत कोठे उभी राहते, तिचे दरवाजे किती वाजता उघडतात, यावरही त्यात कोण शिकणार हे ठरत असते. म्हणून हा प्रश्न राजकीय आहे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. फोर्टमधील त्याच्या इमारतींचे आराखडे गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊल न ठेवता इंग्लंडमध्ये बसून काढले. १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली. अमेरिकन यादवीच्या काळात कापसाला जी तेजी आली, तिच्यातून त्यांची संपत्ती उभी राहिली होती. कापूस पिकवणाऱ्याच्या श्रमाचा अंश त्या मनोऱ्यात होता. त्याच्या मुलासाठी मात्र आत जागा नव्हती. राबणाऱ्या रयतेचा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. विद्यापीठ शहराच्या मध्यभागी असूनही बहुजनांपासून दूर होते. तेव्हा केवळ अंतर कमी झाल्याने ज्ञान जवळ येते, असे नाही.

मग ते जवळ कसे येते? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृतीने दिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांसाठी सकाळी लवकर वर्ग ठेवले. पुढे हे महाविद्यालय फोर्टमधील आनंद भवनात आले. व्याख्यान आटोपून विद्यार्थ्याला वेळेवर कचेरी गाठता यावी, ही सोय म्हणजे सामाजिक न्यायाचाच एक भाग होता. जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी श्रमिकाच्या दिनक्रमाशी जुळवल्या, तेव्हाच दार खऱ्या अर्थाने उघडले.

पुढे विद्यापीठाला फोर्टची जागा अपुरी पडू लागली. ही अडचण खरी होती. प्रयोगशाळा, ग्रंथालये, वसतिगृहे यांना मोकळी जमीन लागतेच. म्हणून सांताक्रूझ आणि कुर्ला यांच्या दरम्यान, कलिना येथे विद्यानगरी वसली. तिचे क्षेत्र सुमारे २३० एकर आहे. विस्ताराला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो कुंपणाला प्रतिष्ठा समजणाऱ्या वृत्तीला. या परिसराच्या आसपास कष्टकऱ्यांच्या दाट वस्त्या आहेत आणि हाकेच्या अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुलातील वित्तसंस्थांचे मनोरे आहेत. विद्यापीठाने यांपैकी कोणाशी शेजारधर्म पाळायचा? हा निर्णय जाणीवपूर्वक घेतला नाही, तर जमिनीचा बाजारभाव तो घेऊन टाकील.

विद्यापीठ शेजाऱ्यांपासून तुटले म्हणजे काय होते, याचा धडा फ्रान्सने घेतला आहे. पॅरिसच्या पश्चिमेस नान्तेर येथे १९६४ साली नवे विद्यापीठ-संकुल सुरू झाले. त्याच्या शेजारीच अल्जेरियन आणि पोर्तुगीज मजुरांच्या झोपड्या होत्या. आत समाजशास्त्राची व्याख्याने आणि बाहेर चिखलात राहणारा समाज! १९६८ च्या मे महिन्यातील उठावाची ठिणगी याच नान्तेरमध्ये २२ मार्च रोजी पडली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. त्या उठावानंतर १९६९ च्या आरंभी व्हँसेन येथे प्रायोगिक विद्यापीठ उघडले. शालान्त पदवी नसलेल्या कामगारांनाही तेथे प्रवेश होता आणि संध्याकाळचे वर्ग भरत. परंतु १९८० साली सरकारने ते तेथून हलवून सँ-दनी येथे नेले आणि व्हँसेनच्या इमारती पाडून टाकल्या. खुले विद्यापीठ स्थापन करणे जितके कठीण, त्याहून ते टिकवणे कठीण आहे.

यातून आपला कार्यक्रम स्पष्ट होतो. विद्यापीठाची जमीन ही जनतेची ठेव आहे. तिचा प्रत्येक चौरस फूट शिक्षणासाठी आणि विद्यार्थ्यांच्या निवासासाठीच राहिला पाहिजे. नवीन संकुलाचा आराखडा करताना पहिला प्रश्न रेल्वे स्थानक आणि बसचा असावा, प्रवेशद्वाराच्या कमानीचा नव्हे. ग्रंथालयाची अभ्यासिका शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी रात्री उघडी असावी, कारण दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला कोपरा मिळत नाही. सकाळचे आणि संध्याकाळचे वर्ग हा उपकार नसून नियम व्हावा. आणि विद्यापीठाच्या विकास आराखड्यावर शहरातील नागरिकांना हरकती घेण्याचा अधिकार असावा.

मित्रहो, विद्यार्थी संघटना फाटकाच्या आत आणि कामगार संघटना फाटकाच्या बाहेर, अशी विभागणी आपणही मुकाट्याने स्वीकारली आहे. विद्यापीठाचे कुंपण हटवण्याआधी आपल्या चळवळीतले हे कुंपण हटवावे लागेल. आपापल्या गावातील विद्यापीठाचा आराखडा मागवा, तो वस्तीत नेऊन वाचा आणि लोकांना विचारा की यात तुमच्या मुलांची वाट कोठून जाते. त्या उत्तरापासूनच आपले काम सुरू होईल.