पेल्यावरचा साज

पाणी पिण्याचा काचेचा पेला ही घरातील इतकी साधी वस्तू आहे की, तिच्याकडे मुद्दाम कुणी पाहत नाही. हातातून निसटून तो फुटला म्हणजेच काय ती त्याची आठवण होते. परंतु या साध्या वस्तूला सजविण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चौदाव्या शतकात सीरियाकडे घडलेला एक उंच पेला ठेवलेला आहे. त्याच्या अंगावर रंगीत मीनाकाम आणि सोन्याची रेघ आहे. इंग्लंडच्या उत्तरेस एडनहॉल येथे राहणाऱ्या मस्ग्रेव्ह घराण्याने तो पिढ्यान्‌पिढ्या जपला. हा पेला फुटला तर घराण्याचे दैवही फुटेल, अशी त्या घरातली समजूत होती. १९३४ साली तो भक्कम वाडा पाडला गेला. पेला मात्र अखंड राहिला आणि १९५८ साली संग्रहालयाच्या मालकीचा झाला.

मीनाकाम म्हणजे एका परीने काचेवर काचच बसविणे. रंगीत काचेची बारीक पूड पेल्यावर लेपून ती भट्टीत वितळवावयाची, पण तेवढ्यात पेला स्वतः वितळू द्यावयाचा नाही, हे त्यातले कसब. ते भट्टीवाल्या कारागिरांनाच साधे. जर्मनीतील जुन्या वनकाचेच्या पेल्यांची तऱ्हा निराळी. लाकडाच्या राखेपासून केलेल्या त्या हिरवट काचेच्या पेल्यांवर तापलेल्या काचेचे लहान लहान गोळे चिकटवीत. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटे. पण जेवताना हात तेलकट झाले तरी पेला निसटू नये, हाही त्यांचा उपयोग होता. शोभा आणि उपयोग या दोन गोष्टी त्या गाठींमध्ये अशा एकजीव झाल्या होत्या की, त्यांना वेगळे काढता आले नसते.

भट्टीवाल्यांची ही कला आता निराळ्या रूपाने घरगुती टेबलावर आली आहे. तिचे साधन म्हणजे पॉलिमर क्ले. हिला माती म्हणावयाचे ते केवळ तिच्या मऊपणामुळे. ही कुंभाराची माती नव्हे. पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकची अतिसूक्ष्म पूड, तिला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य आणि रंग, यांचा तो मळलेला गोळा असतो. शाडूच्या मूर्तीतील पाणी उडून गेले की मूर्ती घट्ट होते. या मातीत मुळी पाणीच नसल्यामुळे ती हवेवर वाळत नाही आणि भाजल्यावर फारशी आकसतही नाही. ऊब मिळाली की प्लास्टिकचे कण ते तेलकट द्रव्य शोषून फुगतात, एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा एक सलग, चिवट पदार्थ होतो. त्याला ११० ते १३० अंश सेल्सिअस एवढीच उष्णता पुरते. म्हणजे घरातला ओव्हन हीच त्याची भट्टी.

या पदार्थाची जन्मकथाही ऐकण्याजोगी आहे. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकर्त्या केटे क्रूझ यांच्याकडे १९३९ च्या सुमारास बाहुल्यांची डोकी करण्यासाठी असा एक पदार्थ आला. त्या कामाला तो उतरला नाही. परंतु त्यांच्या सोफी नावाच्या मुलीने, जिला घरात फिफी म्हणत, त्याच्याशी खेळता खेळता त्याचे गुण ओळखले आणि पुढे ‘फिफी मोझाइक’ या नावाने तो विकावयास आणला. १९६४ साली एबरहार्ड फाबर या कंपनीने तो तिच्याकडून घेतला आणि ‘फिमो’ या नावाने बाजारात आणला. त्या नावाचे पहिले अक्षर फिफीचेच आहे. अमेरिकेत याच जातीचा ‘स्कल्पी’ हा पदार्थ विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील उष्णता वाहून नेण्यासाठी तयार झाला होता. तोही त्या कामी निरुपयोगी ठरला आणि शिल्पकामाला आला. दोन देशांत दोनदा असे घडावे, ही मौजेची गोष्ट आहे. एका कामाला नालायक ठरलेली वस्तू दुसऱ्या कामाची राणी होऊ शकते. मात्र तिच्याकडे रिकाम्या हातांनी आणि मोकळ्या मनाने पाहणारे कुणी तरी भेटावे लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, साध्या पेल्याच्या खालच्या अर्ध्या भागावर पानाफुलांचा वेल चढवावयाचा आहे. प्रथम पेला धुऊन स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो, कारण बोटांचा तुपकट ठसादेखील मातीला काचेवर बसू देत नाही. मग माती तळव्यांत मळून, लाटून तिचा पातळ पट्टा पेल्याभोवती गुंडाळावयाचा. येथे एक मर्म आहे. ही माती काचेला खऱ्या अर्थाने चिकटत नाही. काच गुळगुळीत आणि अलिप्त असते. सुटे पान किंवा सुटे फूल तिच्यावर नुसते दाबून बसविले, तर ते भाजल्यावर टपकन निघून येते. याउलट पेल्याभोवती पूर्ण फिरलेला पट्टा तापून थंड झाला की काचेपेक्षा अधिक आकुंचन पावतो आणि पेल्याला घट्ट मिठी मारतो. म्हणून जाणता कारागीर वेलच निवडतो. वेल पेल्याला वेढतो, पाने वेलाला धरतात, फुले पानांना धरतात. अलंकाराचा आकार असा पदार्थाच्या स्वभावातून निघाला की तो टिकतो आणि शोभतोही.

पट्ट्याखाली हवेचा बुडबुडा राहिला तर तो तापून फुगतो. म्हणून सुईने टोचून हवा काढून टाकावी लागते. पानांच्या शिरा सुईने किंवा खऱ्या पानाच्या ठशाने उमटविता येतात. मग भाजणी. पेला थंड ओव्हनमध्ये ठेवून उष्णता हळूहळू वाढवावयाची, आणि भाजून झाल्यावर तो आतच निवू द्यावयाचा. एवढ्या उष्णतेने काचेचे काही बिघडत नाही. तिला सोसत नाही तो एकदम होणारा बदल. उलट मातीला बदलाचे भय नाही, अतिरेकाचे आहे. मर्यादेपलीकडे तापली तर ती करपते आणि विषारी, झोंबणारा धूर सोडते. म्हणून ओव्हनच्या काट्यावर विसंबून न राहता आत निराळा उष्णतामापक ठेवणे शहाणपणाचे. एकाच पेल्यावर नांदणाऱ्या या दोन स्वभावांना सांभाळणे, हीच या कलेतील खरी परीक्षा.

भाजलेल्या वेलावर रंग द्यावयाचा तो पाण्यात कालवलेला अ‍ॅक्रिलिक. गडद रंग लावून लगेच पुसला की तो शिरांच्या खाचांत तेवढा उरतो आणि पान सजीव दिसू लागते. नखांना लावण्याचे रोगण किंवा तसलेच तीव्र द्रावकाचे रंग मात्र वर्ज्य. त्यांनी पृष्ठभाग चिकट होतो आणि मग कधीच सुकत नाही.

येथपर्यंत सारे हौसेचे झाले. परंतु पेला ही भिंतीवरची तसबीर नव्हे. त्याला कुणाचे तरी ओठ लागावयाचे असतात. हा पदार्थ अन्नाच्या किंवा पेयाच्या संपर्कात येऊ देऊ नये, असे त्याचे उत्पादक स्वतःच सांगतात. मुलांच्या खेळण्यांतील थॅलेट जातीच्या काही प्लॅस्टिसायझरांवर युरोपीय संघाने २००५ साली आणि अमेरिकेने २००८ साली निर्बंध घातले. प्रमुख उत्पादकांनीही त्यांच्या जागी दुसरी द्रव्ये योजली. तरीही खाण्यापिण्याविषयीची सूचना कायम आहे. काचेच्या पेल्यांवरील नक्षीतून शिसे सुटते की काय, याची तपासणी करताना कडेपासून खाली २० मिलिमीटरचा पट्टा ओठांचा म्हणून वेगळा धरतात. घरच्या कारागिरानेही तेवढी जागा मोकळी सोडावी, आणि आतल्या बाजूस तर मातीचा कणही लावू नये. मातीकामाची लाटणी आणि ताटल्या पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. तयार झालेला पेला हातानेच, सौम्य साबणाने धुवावा. पाण्यात बुडवून ठेवू नये.

हे नियम ऐकून कुणाला वाटेल की, एवढी बंधने असतील तर पेला फळीवर ठेवून नुसता पाहावा हे बरे. अनेक सजविलेल्या पेल्यांचे नशीब तसेच असते. कुणीतरी संध्याकाळच्या संध्याकाळ खर्चून तो घडवितो, प्रेमाने भेट देतो, आणि घेणारा तो जपण्याच्या भरात कधी वापरतच नाही. त्यात घडविणाऱ्याचे श्रम वाया जात नाहीत, हे खरे. पण पेल्याचे पेलेपण मात्र वाया जाते. वरची दोन बोटे कोरी सोडलेला पेला असा फळीवर बसत नाही. त्याने पिता येते. वेल खाली हाताला आधार देतो, वर स्वच्छ काच ओठांची वाट पाहते, आणि मधोमध पाण्याची पातळी दिसत राहते. वनकाचेच्या त्या जुन्या गाठींनी जे साधले, तेच येथे नव्या साधनाने साधते.

दागिना अंगाला शोभावा, अंगाने दागिन्यासाठी झिजू नये, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असते. पेल्याचा साजही त्याच न्यायाने करावा. तहानेलेल्या माणसाने तो सहज उचलावा, पाणी प्यावे, आणि रिकामा पेला खाली ठेवताना बोटांना लागलेल्या एखाद्या पानाकडे त्याचे लक्ष जावे. सजविणाऱ्याच्या हातांचे सार्थक त्यातच आहे.