पदकाची तिसरी बाजू



प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, असे आपण नेहमी म्हणतो. वक्तृत्वस्पर्धांचा परीक्षक म्हणून बसताना हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पण ज्याला पदके जमविण्याचा नाद लागला, त्याचे दोन बाजूंवर भागत नाही. त्याला तिसरी बाजूही पाहावी लागते. ती म्हणजे पदकाची कड. मला हे उशिरा कळले, आणि कळले तेही चारचौघांत फजिती करून घेतल्यावर.

आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत नाना नावाचे एक वयस्कर कारकून होते. निवृत्तीला दीड-दोन वर्षे राहिलेली, धाकटी मुलगी परिचारिकेच्या शिक्षणासाठी निघालेली. एके दिवशी मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर एक रुमाल उलगडून म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासाचे. हे काय आहे, बघा बरं. आमचे काका बोटीवर खलाशी होते, त्यांनी कुठून तरी आणलेलं."

रुमालात ब्राँझचे एक पदक होते, पावणेतीन इंचांच्या आतबाहेर व्यासाचे, हातात घेतले की वजन जाणवावे असे. एका बाजूला जॉर्ज वॉशिंग्टनचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला तोच वॉशिंग्टन, भोवती त्याचे अधिकारी, समोर बॉस्टन शहर आणि शहर सोडून निघालेली इंग्रजांची जहाजे. सगळा मजकूर लॅटिन, आणि खाली रोमन आकड्यांत साल. मी मोठ्या ऐटीत हिशोब केला : १७७६! "नाना, हे जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे," मी म्हणालो. खोलीतले सगळे गोळा झाले. कोणीतरी किंमत विचारली आणि मी, ज्याने आयुष्यात असे एकही पदक विकले नव्हते की घेतले नव्हते, बेधडक सांगून टाकले, "लाखांच्या घरात जाईल." नानांनी काही न बोलता रुमालाची घडी घातली आणि प्रसादाची पुडी ठेवावी तसा तो खिशात ठेवला.

त्या आठवड्यात मी वाचायला लागलो. म्हणजे उत्तर आधी दिले आणि अभ्यास मागाहून केला! इंग्रजांचे सैन्य बॉस्टन सोडून गेले १७ मार्च १७७६ रोजी. २५ मार्चला अमेरिकन काँग्रेसने वॉशिंग्टनला सुवर्णपदक देण्याचा ठराव केला. पण ठराव करणे सोपे, पदक पाडणे कठीण. नव्या देशाजवळ असे ठसे कोरणारा कारागीरच नव्हता. शेवटी पॅरिसमध्ये द्युव्हिव्हिए या कोरकाकडे काम गेले, शिल्पकार हूदाँ याने घडविलेला वॉशिंग्टनचा अर्धपुतळा त्याने समोर ठेवला, आणि पदक वॉशिंग्टनच्या हाती पडले ते १७९० साली. ते सोन्याचे पदक बॉस्टनच्या नागरिकांनी १८७६ साली विकत घेतले आणि ते तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे गेले. तेव्हा पदकावरचे साल हे घटनेचे साल असते, पदकाचे नव्हे, हा पहिला धडा मला मिळाला. माझी चूक चौदा वर्षांची ठरली. एवढ्यावर भागले असते तरी मी समाधान मानले असते.

पण भागले नाही. पुस्तकात एक वाक्य होते, की पॅरिसची टाकसाळ या पदकाच्या प्रती पुढेही पाडीत राहिली, आणि कोणती प्रत केव्हाची हे कडेवरच्या खुणेवरून ओळखावे. त्या टाकसाळीने १८४५ ते १८६० पर्यंत कडेवर बोट दाखविणारा हात उमटविला, त्यानंतर १८८० पर्यंत मधमाशी, आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग. मी नानांकडून पदक पुन्हा मागून घेतले, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून भिंग आणले आणि खिडकीशी उभा राहून कड फिरविली. अर्ध्या फेऱ्यात ते सापडले. ज्वारीच्या दाण्याहून लहान शिंग, आणि त्याच्याशेजारी 'ब्राँझ' हा शब्द. म्हणजे घटना १७७६ ची, मूळ पदक १७९० च्या सुमाराचे, आणि नानांच्या रुमालातली प्रत १८८० नंतर केव्हातरी पाडलेली. एका वस्तूला तीन तारखा, आणि मी वाचली होती नेमकी तिच्याशी सर्वांत कमी संबंध असलेली!

नानांना हे कसे सांगितले ते पुढे येईलच. पण त्या शिंगाने मला जो नाद लावला, त्याविषयी आधी बोलतो. कोकणातल्या प्राध्यापकाला अमेरिकन पदकांचे काय सोयरसुतक, असे श्रोत्यांना वाटत असेल. आमच्या घरीही तसेच वाटते.

नाणे आणि पदक यांची आपण नेहमी गल्लत करतो. नाणे व्यवहारासाठी असते. ते एका दाबात पडावे लागते, एकावर एक रचता यावे लागते. त्यामुळे त्यावरचा उठाव बेताचा ठेवावा लागतो. पदकाला असली काही बंधने नसतात. शिल्पकार आधी मातीत किंवा प्लास्टरमध्ये ताटाएवढी प्रतिमा घडवितो. तिच्यावरून धातूची प्रत काढतात. मग लघुकरणाचे यंत्र येते. त्याची एक बोथट सुई मोठ्या प्रतिमेवरून सावकाश फिरते, आणि तिच्या तालावर दुसऱ्या टोकाचे पाते पोलादात तीच प्रतिमा लहान करून कोरते. हे काम अनेक तास चालते. असा तयार झालेला ठसा कडक करून दाबयंत्रात बसवितात. उठाव खोल असेल तर एका दाबात धातू ठशाच्या कोपऱ्यांत शिरत नाही. म्हणून पदक दाबायचे, तापवून मऊ करायचे, पुन्हा दाबायचे. अखेरीस रसायनांनी त्यावर काळसर पुट चढवितात आणि वर आलेला भाग घासून उजळ करतात. नाक-डोळे उठून दिसतात ते या घासण्यामुळे. म्हणून सांगतो, हौसेने चिंच लावून पदक लखलखीत करू नका. त्यात कलावंताच्या कामाचा अर्धा भाग धुऊन जातो.

न्यूयॉर्कमध्ये १९३० साली 'सोसायटी ऑफ मेडॅलिस्ट्स' नावाची मंडळी निघाली. वर्गणी भरायची आणि वर्षाला दोन पदके घ्यायची, अशी योजना. मासिकाची वर्गणी भरतो तशी शिल्पाची! पदके पाडण्याचे काम मेडॅलिक आर्ट कंपनीकडे. पहिले पदक लॉरा गार्डिन फ्रेझर या बाईंनी केले, एका बाजूला शिकारी आणि त्याचा कुत्रा, दुसऱ्या बाजूला रानपक्षी. चौथे लिंडबर्गचे, ज्याने १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडला. पण माझे मन बसले तिसऱ्यावर. ते हर्मन मॅकनील याने १९३१ साली केले. विषय आहे हॉपी या आदिवासी लोकांची पावसासाठीची प्रार्थना, जिवंत साप घेऊन केलेला त्यांचा नाच. मृग कोरडा गेला की दारोदार धोंडी मागत फिरणारी आमच्याकडची पोरे मी लहानपणी पाहिली आहेत. ॲरिझोनाच्या वाळवंटातले ते नाचणारे पाय पाहताना मला काही परके वाटले नाही. ही मालिका १९९५ पर्यंत चालली आणि १२९ पदके निघाली. डेव्हिड अलेक्झांडर यांनी तिची साद्यंत सूची २०१० साली प्रसिद्ध केली.

सूची हा शब्द निघाला आहे तर थोडे त्याविषयी. पदके जमविणे ही हौस झाली. खरे कष्ट सूचीत आहेत, आणि माझ्या मते खरी गोडीही तिथेच आहे. सी. वायलिस बेट्स नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने वसाहतकाळातल्या पदकांची सूची केली. तो १८८७ साली वारला आणि पुस्तक निघाले १८९४ साली. त्याला ते पाहायला मिळाले नाही. पण आज जगात कुठेही 'बेट्स ५४२' म्हटले की जाणकाराला नानांच्या रुमालातले पदक कळते. बेकरने १८८५ साली वॉशिंग्टनच्या पदकांची स्वतंत्र सूची केली, तीत याच पदकाला ४७ क्रमांक आहे. एवढा एक आकडा लिहिला की दोन पाने वर्णन वाचते. मात्र हातातल्या प्रतीचे वर्णन आपणच करायचे असते. व्यास मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, धातू कोणता, पुट कसले, कडेवर काय. मी मोजायला प्रयोगशाळेतली व्हर्नियर पट्टी घेतो आणि वजनाला आमच्या आळीतल्या सोनाराचा काटा. सोनार पहिल्यांदा कुतूहलाने पाही. आता पाहत नाही.

असल्या किरकोळ नोंदींनी काय साधते, असे विचारणारे भेटतात. त्यांना मी शिकागोच्या पदकाची हकीकत सांगतो. १८९३ साली कोलंबसाच्या सफरीच्या चारशे वर्षांनिमित्त तिथे मोठे प्रदर्शन भरले. पारितोषिकाचे पदक करण्याचे काम सेंट-गॉडन्स या नामांकित शिल्पकाराला मिळाले. दर्शनी बाजूला त्याने किनाऱ्यावर पाऊल ठेवणारा कोलंबस केला, तो सर्वांना पसंत पडला. मागच्या बाजूला त्याने एक नग्न युवक केला, आणि त्यावर गहजब उडाला. शेवटी ती बाजू रद्द झाली आणि टाकसाळीचा कोरक चार्ल्स बार्बर याने केलेली दुसरी बाजू तिथे बसली. सेंट-गॉडन्सचा संताप झाला. सूचीत मात्र दोघांचीही नावे एकाच ओळीत शेजारी शेजारी बसतात.

या पदकाचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. राजा रविवर्मा यांची चित्रे शिकागोला गेली होती आणि तिथे त्यांचा सन्मान झाला. पुढच्याच वर्षी त्यांचा छापखाना मुंबईत उभा राहिला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आपल्या आजी-पणजींच्या देवघरांत गेल्या. रविवर्म्यांवरच्या लेखांत 'शिकागोचे सुवर्णपदक' हे शब्द मी अनेकदा वाचले आहेत. पण शिकागोला पहिला-दुसरा असा दर्जाच नव्हता. मान मिळालेल्या सर्वांना एकच पदक, तेही ब्राँझचे. रविवर्म्यांची थोरवी यामुळे गुंजभरही कमी होत नाही. पण सूचीतल्या धातूच्या रकान्यात 'सोने' असे लिहिता येत नाही, मग लेखात तरी का लिहावे?

सूचीचेही दैव असते. मेडॅलिक आर्ट कंपनीचे काम पुढे दुसऱ्या एका खासगी टाकसाळीकडे गेले, आणि ती टाकसाळ २०१६ साली दिवाळ्यात निघाली. शतकभराचे ठसे, शिल्पकारांच्या मोठ्या प्रतिमा, नमुन्याची पदके आणि कागदपत्रे, सगळेच कर्जफेडीच्या मालात जमा. मोडीत घालायला पोलाद काय आणि ब्राँझ काय, किलोवर जाते. १८५८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने २०१८ साली तो सगळा ठेवा मिळविला, म्हणून तो वाचला. आपल्याकडे गावोगावच्या तालमींची, शाळांची, संस्थानांची पदके रद्दीबरोबर कशी जातात ते मी पाहिले आहे. ते बोलायला लागलो तर माझी वेळ संपेल.

तर नाना. त्यांना सांगायला मला चार दिवस लागले. शेवटी कचेरी सुटल्यावर गाठले आणि म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं."

"म्हणजे खोटं आहे का ते?"

"खोटं नाही. टाकसाळीतलंच आहे, पण उशिराचं. किंमतही तशी बेताचीच येईल."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "अहो सर, आमचे काका तरी कुठं अडीचशे वर्षांचे होते!" आणि जरा थांबून, जणू काही विशेष नाही अशा स्वरात, "एवढंच की पोरीच्या फीसाठी पतपेढीत कर्जाचा अर्ज केला होता, तो परवा मागे घेतला."

माझ्या एका ऐटबाज वाक्याने केवढे काम केले होते! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पतपेढीत गेलो. नवा अर्ज भरला, आणि जामीन म्हणून मी सही केली. सचिवांनी विचारले, "इतिहासाचे प्राध्यापक जामीन कसे?" नाना म्हणाले, "ते आमचं एक जुनं प्रकरण आहे."

पदक नानांनी विकले नाही. मी त्याचे एक कार्ड करून दिले. बेट्स ५४२, बेकर ४७, पॅरिसच्या टाकसाळीची प्रत, कडेवर शिंग, १८८० नंतर. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि विचारले, "यात आमच्या काकांचं नाव कुठं आहे?"

ते नव्हते. सूचीत त्यासाठी रकाना असतो, वस्तू कोणाकोणाच्या हातून आली याचा. तो मी मोकळा सोडला होता. तिथेच बसून मी लिहिले : कोकणातल्या एका खलाशाने मार्सेय बंदरातून घरी आणले. साल नानांनी अंदाजाने सांगितले, ते प्रश्नचिन्ह घालून लिहिले. बोटीचे नाव त्यांना आठवेना. आईला विचारून सांगतो म्हणाले, आणि आईलाही सांगता आले नाही. कार्डावर तेवढी जागा मी पेन्सिलीने आखून ठेवली आहे.